क्लाउनफिशची पैदास घरच्या टाकीत: कोणता पर्याय कोणासाठी

सागरी मत्स्यटाकी काही काळ नीट सांभाळता आली की अनेकांच्या मनात पैदाशीचा विचार येतो, आणि त्या विचारात पहिले नाव बहुधा क्लाउनफिशचेच निघते. त्याला कारणेही तशीच आहेत. हा मासा लहान टाकीत सुखाने राहतो, जोडी जमली की वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच जागी अंडी घालतो आणि त्यांची राखण स्वतः करतो. प्रवाळभित्तीवरचे बरेचसे शोभिवंत मासे अंडी पाण्यात मोकळी सोडून देतात. त्यातून निघणाऱ्या अळ्यांना सुरुवातीला ना कामाचे तोंड असते ना डोळे. क्लाउनफिशची अळी मात्र सुमारे ४ मिमी लांबीची, डोळे उघडे असलेली आणि पहिल्या दिवसापासून भक्ष्यामागे जाणारी असते.

एवढे अनुकूल असूनही निर्णय घेताना बहुतेक जण ज्या क्रमाने विचार करतात, तो क्रम मला उलटा वाटतो. आधी कोणती प्रजाती, मग कोणता रंग, मग टाकी केवढी, आणि अळ्यांच्या खाण्याचे अंडी पडल्यावर पाहू, असा तो क्रम असतो. वास्तविक जोडी जमणे आणि अंडी पडणे हा भाग वेळखाऊ असला तरी अवघड नाही. पाणी स्थिर ठेवले, खाणे चांगले दिले आणि जोडीला त्रास दिला नाही तर तो आपोआप घडतो. पैदास फसते ती अंडी फुटल्यानंतरच्या पहिल्या १० ते १२ दिवसांत, आणि बहुतेक वेळा ती अळ्यांच्या खाद्यावर व त्यांच्या पाण्यातील अमोनियावर फसते. म्हणून हा आढावा खाद्यापासून सुरू होऊन जोडीकडे मागे येतो. ज्याला खाद्याचा भाग झेपणार नाही असे वाटेल, त्याच्यासाठी क्लाउनफिशऐवजी आणखी एक मासा पुढे सुचवला आहे.

रोटिफरचे खाद्य: जिवंत शेवाळ की शेवाळाची पेस्ट

आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) नुकतीच फुटलेली पिल्ले साधारण ०.४ ते ०.५ मिमी असतात आणि क्लाउनफिशच्या अळीला पहिल्या दिवशी तीही मोठी पडतात. कोरडी भुकटी कितीही बारीक केली तरी ती हलत नसल्यामुळे अळीचे तिच्याकडे लक्ष जात नाही. ती तळाशी बसून पाणी तेवढे नासवते. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांसाठी ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस या रोटिफरला (पाण्यातल्या एका सूक्ष्म प्राण्याला) घरगुती पातळीवर सोयीचा दुसरा पर्याय नाही. हा जीव ०.१ ते ०.३ मिमी आकाराचा, संथ पोहणारा आणि अनुकूल परिस्थितीत एक-दोन दिवसांत दुप्पट होणारा असतो. कोपेपॉड या दुसऱ्या बारीक जलजीवाची पिल्ले पोषणात रोटिफरपेक्षा सरस असतात हे खरे, पण ती दाट संख्येने वाढवणे कठीण असते आणि क्लाउनफिशसाठी त्यांची गरज पडत नाही.

रोटिफर सूक्ष्म शेवाळ खातो. ते शेवाळ स्वतः वाढवायचे की पेस्टच्या रूपात आणायचे, हा पैदाशीतला पहिला खरा निर्णय आहे.

जिवंत शेवाळ, बहुधा नॅनोक्लोरोप्सिस, वाढवायचे तर पारदर्शक बाटल्या, दिवा, हवा आणि शेवाळासाठीचे खत एवढी सामग्री लागते. आठवड्याला, फार तर दहा दिवसांनी, बाटलीतील दाट हिरवे पाणी वाटून नव्या निर्जंतुक खाऱ्या पाण्यात लावावे लागते. फायदा असा की हे शेवाळ अळ्यांच्या टाकीत घातले तर तेथेही जिवंत राहते, थोडा अमोनिया शोषून घेते आणि टाकीतील रोटिफरांना उपाशी राहू देत नाही. उपाशी रोटिफर अळीच्या पोटात गेला तरी त्यातून तिला फारसे काही मिळत नाही. तोटा असा की ही लागवड अतिशय हळवी असते. रोटिफरच्या भांड्यात बुडवलेली नळी न धुता शेवाळाच्या बाटलीत गेली की काही दिवसांत ती बाटली शेवाळाची न राहता रोटिफरची होते. म्हणून दोन्हींची भांडी, नळ्या आणि शक्य असेल तर खोल्याही वेगळ्या ठेवणे भाग पडते. शिवाय नॅनोक्लोरोप्सिसमध्ये इपीए हे मेदाम्ल भरपूर असले तरी अळ्यांना लागणारे डीएचए हे दुसरे मेदाम्ल जवळजवळ नसते. त्यासाठी आयसोक्रायसिससारखे दुसरे शेवाळ सोबत वाढवावे लागते किंवा रोटिफरांना अळ्यांना देण्याआधी काही तास पोषक द्रावणात ठेवावे लागते.

पेस्ट थंड ठेवली की टिकते, मोजून देता येते, अनेक पेस्टमध्ये एकापेक्षा अधिक शेवाळांचे मिश्रण असते, आणि एखादा आठवडा काम वाढले म्हणून लागवड मरत नाही. मात्र तिच्यातील पेशी वाढत नाहीत आणि अमोनियाही शोषत नाहीत. प्रमाण चुकून जास्त झाले तर त्या तळाशी बसून सडतात. रोटिफरचे भांडे जगते आहे की नाही हे पाण्याच्या रंगावरून समजते: सकाळी पेस्ट घातल्यावर हिरवे झालेले पाणी संध्याकाळपर्यंत फिकट झाले तर रोटिफर खात आहेत, दुसऱ्या दिवशीही ते तितकेच हिरवे असेल तर लागवड कोसळू लागली आहे असे समजावे. काचेच्या लहान नळीत थोडे पाणी घेऊन उजेडासमोर धरले आणि भिंगातून पाहिले की पांढुरके ठिपके सावकाश सरकताना दिसतात. त्यातील बऱ्याच माद्यांच्या मागच्या टोकाला एक-दोन अंडी चिकटलेली असतील तर लागवड जोमात आहे. अंडी वागवणाऱ्या माद्या कमी झाल्या, पृष्ठभागावर फेस धरला आणि वास बदलला की त्या भांड्यावर विसंबून चालत नाही.

नोकरी किंवा शिक्षण सांभाळून हे करणाऱ्याने पेस्ट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जिवंत शेवाळाचे फायदे खरे असले तरी ते मिळवण्यासाठी आणखी एक नाजूक लागवड सांभाळावी लागते, आणि नवशिक्याचे लक्ष जेवढ्या ठिकाणी विभागले जाईल तेवढा धोका वाढतो. पर्याय कोणताही निवडला तरी रोटिफरची भांडी दोन असावीत आणि ती एकमेकांपासून दूर असावीत. अंडी पडण्याच्या किमान महिनाभर आधीपासून ती चालू असावीत. अळ्या बाहेर पडल्यानंतर लागवड सुरू करण्यात काहीही अर्थ नाही.

अळ्यांची टाकी: लहान की मोठी

येथे हिशेब उपयोगी पडतो. अळीने भक्ष्य शोधण्यात शक्ती घालवू नये म्हणून तिच्या पाण्यात दर मिलिलिटरला साधारण ५ ते १० रोटिफर असावे लागतात. २० लिटरच्या टाकीत दर मिलिलिटरला १० ही दाटी राखायची तर २ लाख रोटिफर लागतात. ६० लिटरच्या टाकीला ६ लाख. दर मिलिलिटरला १०० रोटिफर असलेल्या १० लिटरच्या भांड्यात एकूण १० लाख रोटिफर असतात आणि त्यातून रोज चौथा हिस्सा, म्हणजे अडीच लाख, काढता येतो. याचा अर्थ असा की अशी दोन भांडी २० लिटरच्या टाकीला निवांत पुरतात आणि ६० लिटरच्या टाकीला पहिल्याच दिवशी कमी पडतात.

मोठ्या टाकीचा फायदा अमोनियाच्या बाबतीत आहे. अधिक पाण्यात घाण विरळ होते आणि रोजच्या पाणीबदलात एखादा दिवस उणे-अधिक झाले तरी लगेच हानी होत नाही. २० लिटरच्या टाकीत ती सवलत मिळत नाही: तळाशी बसलेली घाण हवेच्या बारीक नळीने रोज ओढून काढावी लागते आणि तेवढेच नवे पाणी थेंबाथेंबाने सोडावे लागते. अमोनियाची चाचणी रोज करावी लागते. तरीही पहिल्या एक-दोन वेळांसाठी मी २० ते ३० लिटरच्या टाकीच्या बाजूने आहे, कारण पाणी बदलणे हे श्रमाचे काम आहे आणि श्रम वाढवता येतात, रोटिफर ऐनवेळी वाढवता येत नाहीत.

टाकी कोणतीही असो, तिच्या बाजू काळ्या असाव्यात आणि उजेड वरून मंद असावा. अळ्या उजेडाकडे ओढल्या जातात. बाजूची काच चमकत असेल तर त्या काचेला धडकत राहतात आणि खाणे सोडून देतात. पाण्यात मागे धरलेले बोट पुसट दिसेल इतपत शेवाळ घातले की उजेड पसरतो आणि रोटिफर त्यांना उठून दिसतात. हवेचा एकच संथ बुडबुड्यांचा झोत पुरतो. पहिल्या आठवड्यात फिल्टर लावू नये. नंतर लावायचा स्पंज फिल्टर मात्र आधीपासून जोडीच्या टाकीत ठेवून त्यावर जिवाणू बसू द्यावेत.

रोटिफर कमी क्षारतेच्या पाण्यात वाढवण्याची पद्धत आहे, कारण तेथे ते वेगाने वाढतात. परंतु तेथून ते थेट पूर्ण खाऱ्या पाण्यात टाकले तर दचकून पोहणे थांबवतात आणि तळाशी जातात. भांड्याची क्षारता अळ्यांच्या टाकीच्या जवळपास ठेवलेली बरी, वाढ थोडी मंदावली तरी चालेल.

अंडी हलवावीत की अळ्या

मादी अंडी घालताना पोट जवळजवळ टाइलला टेकवून सावकाश पुढे सरकते आणि तिच्या मागोमाग नर त्याच वाटेने जातो. तास-दोन तासांत ओळीने ओळ लागून नारिंगी अंड्यांचा एक चकता तयार होतो. नव्या जोडीची पहिली अंडी शंभराच्या आतही असू शकतात, मुरलेल्या जोडीची काही शे. पहिली एक-दोन वेळची अंडी आईबापांनीच खाऊन टाकली तर त्याची चिंता करू नये. पुढचे दिवस नर पंखांनी पाणी हलवत राहतो, तोंडाने अंडी चाचपतो आणि पांढरी पडलेली, म्हणजे मेलेली, अंडी काढून टाकतो. अंडी ६ ते १० दिवसांत फुटतात. २७ अंश सेल्सिअसच्या आसपास बहुधा सातव्या किंवा आठव्या रात्री. चकत्याचा रंग आधी गडद तपकिरी होतो, मग प्रत्येक अंड्यात दोन डोळे दिसू लागतात आणि शेवटच्या दिवशी त्या डोळ्यांना रुपेरी झाक येते. ही झाक दिसली की त्या रात्री दिवे मालवल्यावर एक-दोन तासांत अंडी फुटतील अशी तयारी ठेवावी.

पहिला पर्याय असा की फुटण्याच्या संध्याकाळी टाइल किंवा मातीची कुंडी उचलून अळ्यांच्या टाकीत ठेवायची. ती टाकी जोडीच्याच पाण्याने भरलेली असावी, म्हणजे तापमान आणि क्षारता जुळवण्याचा प्रश्न येत नाही. एअरस्टोन अशा जागी ठेवायचा की बुडबुड्यांनी हललेले पाणी अंड्यांवरून जाईल आणि चकता हलका डुलत राहील, आणि मग टाकी पूर्ण झाकून अंधार करायचा. या पद्धतीत अळीला कोणी हात लावत नाही, आणि ती ज्या पाण्यात जन्मते त्याच पाण्यात वाढते. अडचण अंदाजाची आहे. दिवस चुकला आणि अंडी त्या रात्री फुटली नाहीत तर पुढचे चोवीस तास नराचे काम एअरस्टोनने करायचे असते, आणि त्याला मेलेली अंडी वेचता येत नाहीत. झोत कमी पडला तर अंडी गुदमरतात, बुरशी धरतात. जास्त झाला तर वेळेआधी सुटून पडतात.

दुसरा पर्याय अळ्या पकडण्याचा आहे. अंडी नराकडेच राहतात. त्या रात्री पंप, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) आणि दिवे बंद करून तास-दीड तास थांबायचे, मग एका कोपऱ्यावर बारीक टॉर्च धरायची. काही मिनिटांत तेथे बारीक, रुपेरी डोळ्यांच्या अळ्यांचा पुंजका जमतो. तो वाटीने पाण्यासकट उचलायचा किंवा जाड नळीने संथपणे ओढून घ्यायचा. जाळी वापरायची नाही, कारण पाण्याबाहेर निघालेली अळी सहसा वाचत नाही. नराने अखेरपर्यंत काळजी घेतल्यामुळे या पद्धतीत अंडी जवळजवळ सगळी फुटतात, पण हाती लागणाऱ्या अळ्यांची संख्या आपल्या हातावर आणि जागरणावर अवलंबून राहते. शिवाय जोडीच्या टाकीतील नको ते जीवही सोबत येतात.

जोडीसाठी स्वतंत्र, उघडी टाकी असेल आणि ती टाइलवर अंडी घालत असेल तर टाइल उचलणे श्रेयस्कर आहे. थोड्या अंड्यांचे नुकसान सोसूनही मी तेच सुचवेन. जोडी प्रवाळांच्या मोठ्या टाकीत, दगडाच्या पोटाशी किंवा काचेवर अंडी घालत असेल तर निवडीचा प्रश्न उरत नाही, अळ्याच पकडाव्या लागतात. अळ्या आईबापांच्या टाकीतच राहू देऊन त्यातील काही जगतील अशी आशा धरणे हा तिसरा पर्याय नव्हे. सकाळपर्यंत त्यांतील जवळजवळ काहीही उरत नाही.

आर्टेमिया लवकर की उशिरा

रोटिफरवरून आर्टेमियावर नेण्याचा दिवस हा मतभेदाचा विषय आहे. चौथ्या दिवशीच आर्टेमिया देणाऱ्यांचा रोटिफरचा भार लवकर उतरतो आणि मोठ्या अळ्या झपाट्याने वाढतात. पण लहान अळ्या मागे पडतात, आणि मोठ्या अळ्या कधी कधी इतके खातात की पोट गच्च भरलेल्या अवस्थेतच मरतात. दहाव्या दिवसापर्यंत केवळ रोटिफरवर ठेवल्यास हा धोका टळतो, पण तोपर्यंत अळ्यांची भूक इतकी वाढलेली असते की दोन भांडी पुरत नाहीत.

पाचव्या-सहाव्या दिवशी नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाची अगदी थोडी मात्रा द्यावी आणि अर्ध्या तासाने टॉर्चच्या उजेडात पाहावे. ज्यांच्या पोटात नारिंगी ठिपका दिसतो त्या खाऊ लागल्या आहेत. सर्वांची पोटे नारिंगी दिसेपर्यंत रोटिफर बंद करू नयेत. आर्टेमियाची टरफले आणि न फुटलेली अंडी टाकीत जाऊ नयेत याची काळजी घ्यावी, कारण ती गिळली तर अळीच्या आतड्यात अडकतात. फुटून अर्धा-एक दिवस झालेल्या आर्टेमियाचा स्वतःचा पोषक साठा संपलेला असतो, म्हणून ती एकतर ताजी द्यावी किंवा मेदाम्लांनी समृद्ध करून द्यावी.

८ ते १२ दिवसांच्या दरम्यान रूपांतर होते. अळी गडद होते, डोळ्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो, नंतर मधला पट्टा दिसू लागतो, आणि आतापर्यंत मोकळ्या पाण्यात फिरणारी ती काच व तळ धरून राहू लागते. आधी सगळे सुरळीत दिसत असताना नेमक्या याच दिवसांत पुष्कळ अळ्या मरत असतील तर बहुधा पहिल्या आठवड्यातील खाद्यात मेदाम्लांची उणीव राहिलेली असते. त्या वेळी खाद्य बदलून उपयोग होत नाही. सुधारणा पुढच्या अंड्यांच्या वेळी करावी लागते.

कोणती प्रजाती

हा भाग लोकांना सर्वांत जास्त रंजक वाटतो, पण पहिल्यांदा करणाऱ्यासाठी निवड फारशी नाही. ओसेलारिस घ्यावा. पर्क्युला त्याच्यासारखाच दिसतो. त्याच्या पट्ट्यांच्या काळ्या कडा बहुधा जाड असतात आणि पाठीवरच्या पंखात सहसा १० काटे असतात, ओसेलारिसला ११. दोघांच्या अळ्या वाढवण्याची रीत एकच आहे. मात्र पर्क्युला जोडी जमण्याच्या काळात किंचित अधिक तापट असतो आणि प्रदेश बदलला की हळवेपणा दाखवतो. दोन्हींचा संकर होतो, पण तो करू नये. पुढे त्या पिल्लांची ओळख कोणालाच सांगता येत नाही.

क्लार्की कणखर असतो, क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या दहाही समुद्रफुलांत (सी ॲनिमोनमध्ये) राहू शकतो आणि मोठी मादी एका वेळी हजाराहून अधिक अंडी घालू शकते. परंतु मासा मोठा, टाकी मोठी, आणि हाताला चावण्यातही तो मागे नाही. मरून क्लाउनफिशची मादी १५ सेंमीच्या पुढे जाऊ शकते आणि नर तिच्या मानाने इतका लहान असतो की जोडी बिनसली तर तो एका दिवसात मारला जातो. या दोन प्रजाती अनुभवी माणसासाठी ठेवाव्यात. रंगीत वाणांबद्दल, म्हणजे स्नोफ्लेक, पिकासो वगैरेंबद्दल, एवढेच सांगावेसे वाटते की अळी वाढवण्याचे कष्ट साध्या ओसेलारिसइतकेच असतात. पहिल्या वेळी पिल्ले जगवणे साधले की मग रंगाचा विचार करावा.

तयार जोडी की दोन पिल्ले

क्लाउनफिश नर म्हणून प्रौढ होतो आणि गटातील सर्वांत मोठा मासा मादी बनतो. मादी गेली तर तिचा नर मादी होतो. सत्तेच्या क्रमाने ठरणारा हा लिंगबदल फ्रिके व फ्रिके यांनी १९७७ मध्ये सविस्तर मांडला. पीटर बस्टन यांनी २००३ मध्ये पर्क्युलाच्या गटांबाबत दाखवले की खालच्या क्रमांकाचा मासा आपली वाढ वरच्या माशाच्या मागे ठेवतो, म्हणजे त्याला आव्हान वाटू नये. घरच्या जोडीसाठी यातून दोन गोष्टी निघतात. नर मादी होतो, मादी पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन मोठ्या, प्रौढ माद्या एकत्र टाकल्या तर जोडी जमत नाही, एक मरते. आणि दोन लहान मासे घ्यायचे तर एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठा घ्यावा, म्हणजे भांडण लवकर मिटते. मोठ्यासमोर लहान मासा अंग तिरके करून थरथर करू लागला की त्याने दुय्यम स्थान स्वीकारले असे समजावे.

दोन पिल्ले घेतली तर अंडी पडायला साधारण दीड-दोन वर्षे लागू शकतात. हा काळ वाया जात नाही. रोटिफर सांभाळायला शिकण्यासाठी तो उत्तम आहे. तयार जोडी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अंडी घालू लागते, पण ती खरोखर जोडी आहे की शेजारी ठेवलेले दोन मासे, हे विकणाऱ्याच्या शब्दावरून कळत नाही. अंडी राखताना ती प्रत्यक्ष पाहिली असेल तरच तयार जोडीचा आग्रह धरावा. दोन पिल्ले घेणाऱ्याने ती शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणांहून घ्यावीत, कारण एकाच टाकीतील पिल्ले बहुधा सख्खी भावंडे असतात.

समुद्रातून पकडलेल्या जोडीच्या बाजूने बोलण्यासारखे फार थोडे आहे. तिच्याबरोबर ब्रुकलिनेला आणि ॲमिलूडिनियम हे परजीवी येण्याची शक्यता अधिक असते, ती कोरड्या खाद्याला उशिरा सरावते आणि अंडी घालायला लागेपर्यंत बराच काळ जातो. कोणतीही जोडी असो, तिला काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय पैदाशीच्या टाकीत आणू नये.

समुद्रफूल लागतेच असे नाही. टाकीत जन्मलेल्या जोड्या कुंडीच्या किंवा टाइलच्या आडोशालाही अंडी घालतात. समुद्रफुलाला तीव्र उजेड आणि मुरलेली टाकी लागते, आणि पैदाशीची टाकी साधी, धुता-पुसता येण्याजोगी असावी हे त्याच्याशी जुळत नाही. दिसायला ते सुंदर दिसते, हे मान्य.

ज्याला रोटिफर नको आहेत त्याच्यासाठी

वरचे सगळे वाचून रोटिफरची दोन भांडी महिनोन्महिने चालवणे आपल्याला जमणार नाही असे वाटत असेल, तर बांगाई कार्डिनल या माशाकडे पाहावे. इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या लहानशा परिसरातला हा मासा नैसर्गिक अवस्थेत धोक्यात आलेला मानला जातो, म्हणून टाकीत जन्मलेलाच घ्यावा. याचा नर अंडी तोंडात धरतो, जवळपास महिनाभर काही खात नाही आणि शेवटी पूर्ण घडलेली पिल्ले बाहेर सोडतो. मोकळ्या पाण्यात तरंगणारी अळी ही अवस्थाच येथे नाही. पिल्ले पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात, त्यामुळे रोटिफर आणि शेवाळ या दोन्हींची गरज संपते.

बदल्यात संख्या कमी मिळते. क्लाउनफिशची शेकड्यांनी अंडी, तर येथे एका वेळी काही डझन पिल्ले. नर-मादी ओळखणे कठीण, आणि गट केला तर जोडी जमल्यावर ती बाकीच्यांना जगू देत नाही. उपाशी राहणारा नर दर वेळी अशक्त होतो, म्हणून दोन वेळांमध्ये त्याला खाऊ-पिऊ घालून सावरायला वेळ द्यावा लागतो. पिल्लांना केवळ साधी आर्टेमिया दिली तर मेदाम्लांच्या अभावी ती दचकून मरतात: दिवा अचानक लागला किंवा टाकीवर हात गेला की पिल्लू गोल फिरून तळाशी पडते. आर्टेमिया समृद्ध करून देण्यात येथे कुचराई चालत नाही. तरीसुद्धा रोज अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त वेळ नसणाऱ्याला मी क्लाउनफिशआधी बांगाईच सुचवेन. ज्याला अळ्या वाढवण्याचीच विद्या शिकायची आहे, त्याला मात्र बांगाई ती शिकवणार नाही.

पिल्लांचे काय

जोडी स्थिरावली की दर दहा-पंधरा दिवसांनी अंडी पडत राहतात, तर एका वेळची पिल्ले २.५ ते ३ सेंमीची होऊन दुसऱ्याच्या हाती देण्याजोगी व्हायला चार ते सहा महिने लागतात. प्रत्येक वेळची अंडी वाढवायची ठरवली तर दोन महिन्यांत घरातली सगळी भांडी भरतील. येथे निवड दोन प्रकारे करता येते: प्रत्येक वेळच्या अंड्यांतून थोड्याच अळ्या वाढवायच्या, किंवा चार-पाच वेळा अंडी पडू देऊन एकदाच पूर्ण संख्येने वाढवायच्या. दुसरी पद्धत बरी, कारण रोटिफरच्या भांड्यांना मध्ये सावरायला वेळ मिळतो आणि एकाच वयाची पिल्ले एका टाकीत राहतात. वेगवेगळ्या वयाची पिल्ले एकत्र केली की मोठी पिल्ले लहानांचे पंख कुरतडतात. पहिल्या महिन्यानंतर पिल्ले दाट ठेवली तर त्यांची भांडणे विखुरली जातात, विरळ ठेवली तर एकाच पिल्लाच्या मागे लागतात. पण दाट ठेवायचे तर फिल्टर आणि पाणीबदल त्या प्रमाणात वाढवावा लागतो. ज्या वेळची अंडी वाढवायची नसतील ती जोडीकडेच राहू द्यावीत, टाइल काढू नये. टाइल वरचेवर हलवली तर जोडी जागा बदलते, आणि मग नेमक्या ज्या रात्री अंडी उचलायची असतात त्या रात्री ती मागच्या काचेवर सापडतात.